घासून काढलेले आकडे

माझा स्वभाव संशयी आहे. दूध घेताना मी आधी बोट बुडवून बघायचो, भाजीवाल्याच्या तराजूची दांडी दोन्ही बाजूंनी धरून बघायचो आणि बसमध्ये शेजारचा फार गोड बोलायला लागला की आधी खिसा चाचपायचो. बायको म्हणायची, "तुम्ही आरशात पाहता तरी 'हा कोण आला' म्हणूनच पाहता." मला ते चिडवणं वाटायचं नाही. जगात एक तरी माणूस डोळे उघडे ठेवून चाललाय, असंच वाटायचं.

धंदाही तसाच मिळाला. नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीत माझं रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरच्या दशकाचा मधला काळ. बाजारात ट्रान्झिस्टर आले होते, पण लोकांच्या घरात अजून काचेच्या व्हॉल्व्हचे सेट होते आणि ते बिघडत होते, म्हणून आमचं पोट चालत होतं. आमच्या या धंद्यात कोणी कोणाला काही शिकवत नसे. आज माझ्याकडे आलेला सेट उद्या दुसऱ्या मेकॅनिककडे जाणार, तो झाकण उघडणार आणि मी महिनाभर डोकं खाजवून काढलेली युक्ती दोन मिनिटांत बघून घेणार, ही धास्ती सगळ्यांनाच असायची. म्हणून सगळे आपापली कामं झाकायचे. कोणी मेण ओतायचा, कोणी तारा मुद्दाम गुंतवून ठेवायचा. मी सुट्या भागांवरचे आकडे पॉलिश पेपरने घासून काढायचो आणि वर काळी टेप गुंडाळायचो. पॉलिश पेपरची एक पट्टी माझ्या शर्टाच्या खिशातच असे. आत काय बसवलंय ते माझं मला ठाऊक, बाकीच्यांनी बसावं अंदाज बांधत.

धंतोलीत एक निवृत्त डॉक्टरीणबाई राहायच्या. दवाखाना बंद केलेला, दोन मोठ्या हॉस्पिटलांच्या मध्ये त्यांचं जुनं बैठं घर, आणि घरात रेकॉर्ड ऐकायचा सरंजाम. त्यात प्री-अँप होता. रेकॉर्डच्या सुईतून येणारा आवाज अगदी क्षीण असतो, तो मोठ्या अँप्लिफायरकडे जाण्याआधी या डब्यातून थोडा सशक्त होऊन जातो. चार-पाच वर्षांपूर्वी तो डबा माझ्याकडे आला होता, तेव्हा मी त्याचा रेक्टिफायर बदलून दिला होता.

रेक्टिफायर म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. घरातली वीज तारेतून पुढे-मागे, पुढे-मागे अशी धावते. अँप्लिफायरला ती एकाच दिशेने वाहणारी लागते. हे काम करणारा भाग म्हणजे रेक्टिफायर. पूर्वी तो काचेचा व्हॉल्व्ह असायचा, बोटाएवढा. बटण दाबलं की हळूहळू तापायचा आणि मग वीज सोडायचा. नंतर सिलिकॉनचे डायोड आले. हरभऱ्याएवढा दाणा, तापणं नाही की फुटणं नाही, बटण दाबलं की काम सुरू. आम्ही सगळे मेकॅनिक त्या काळात धडाधड व्हॉल्व्ह काढून दाणे बसवत होतो. बाईंच्याही डब्यात मी तेच केलं होतं.

एके दिवशी बाई रिक्षाने तो डबा घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, "यात तुम्ही काचेचा काढून दाणा बसवला ना, तेव्हापासून गाणारा माणूस माझ्या खोलीत येत नाही. दारात उभा राहून गातो. मला तो काचेचा परत बसवून द्या."

माझ्या मनात पाल चुकचुकली. चार वर्षं या बाई गप्प होत्या, आज एकदम गाणारा दारात कसा दिसला? नक्की कोणीतरी मेकॅनिक घरी जाऊन कान भरून आला असणार. मी विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"माझ्या कानांनी," त्या म्हणाल्या.

"पण बाई, मोजून बघितलं तर फरक काहीच नाही. उलट आता व्होल्टेज जास्त मिळतं."

"तुम्हाला पटायलाच पाहिजे असं कुठे आहे? पेशंटला दुखतं म्हटलं तर मी कधी वाद घातला नाही. तुम्ही बसवून द्या."

गॅस काढून पुन्हा चूल मांडा, असं म्हणण्यासारखं ते काम होतं. पण बाई हट्टी होत्या आणि गिऱ्हाईक जुनं होतं. झाकण काढून बघितलं तर व्हॉल्व्हची बैठक जागच्या जागी होती, तिच्याकडे जाणाऱ्या तारा मीच दुमडून ठेवल्या होत्या. म्हणजे काम अवघड नव्हतं. फक्त व्हॉल्व्ह हवा होता. दुकानांतून तो मिळेनासा झाला होता. आता एकच माणूस उरला होता.

रविवारी सीताबर्डीवर जो बाजार भरतो, त्यात तेव्हा जुन्या सुट्या भागांची एक ओळ असायची. मोटारी, मीटर, स्पीकर, कुलपं, काय वाटेल ते. त्या ओळीत एक म्हातारा गोणपाट अंथरून फक्त व्हॉल्व्ह विकायचा. पूर्वी गिरणीत वायरमन होता. बंद पडलेली थिएटरं, लग्नातले लाऊडस्पीकरवाले, उमरेडकडचे भंगारवाले, कुठून कुठून तो माल गोळा करायचा. बाकीचे विक्रेते म्हणायचे, "पाहून घ्या, मागून तक्रार चालणार नाही." हा एकटाच घरी नेऊन प्रत्येक व्हॉल्व्ह संध्याकाळभर चालवून बघायचा आणि चांगला निघाला तर बुडाशी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावायचा. ठिपक्याचा व्हॉल्व्ह बिघडला तर परत आणा, दुसरा द्या म्हणा, तो काही न विचारता देत असे. अर्ध्या नागपुरातले मेकॅनिक त्या ठिपक्यावर डोळे मिटून माल उचलायचे. लोक त्याला बाबाजी म्हणायचे.

मी सोडून. म्हणजे मीही बाबाजी म्हणायचो, पण डोळे मिटायचो नाही. भंगारातला माल, नव्याच्या बोलीने, तोही बदलून देण्याच्या शब्दावर? यात काहीतरी काळंबेरं असणार, असं मला कायम वाटे. आणि आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय तर तेही लिहितो, जे तेव्हा स्वतःशीसुद्धा बोललो नसतो. म्हातारा बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या कुटुंबातला होता, त्यांच्याच वस्तीत राहायचा, आणि आमच्या महाल भागातल्या घरात लहानपणापासून जे कानावर पडत आलं होतं, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला मला जरा कमी कारण पुरत होतं. बाकीच्यांवर घेताना निदान एखादा पुरावा तरी शोधायचो.

पहिला व्हॉल्व्ह घ्यायला गेलो तेव्हा त्याने तो हातात देण्याआधी विचारलं, "काय्यात लावून राहिले भाऊ?"

"प्री-अँपमध्ये. डायोड काढून."

"डायोड काढून?" तो हसला. "सारी दुनिया इकडून तिकडं जाऊन राहिली, तुमी तिकडून इकडं. पहिला कंडेन्सर कितीचा हाय त्याच्यात?"

रेक्टिफायरच्या लगेच पुढे एक कंडेन्सर असतो. वीज क्षणभर साठवून सारखी करून सोडतो, घरातल्या पाण्याच्या टाकीसारखा. त्याचा आकडा हा का विचारतो? मी सावध झालो. याला माझ्या कामाची आतली माहिती कशाला पाहिजे? मी तुटकपणे म्हणालो, "बत्तीसचा. कंपनीचा आहे तोच."

"मंग ठीक हाय. मोठा असन तर काढून टाका बाप्पा. याले मोठा चालत नाई."

मी मान हलवली आणि निघालो. मनात म्हणालो, म्हातारा चांगलाच बेरकी आहे, बोलता बोलता खडा टाकून बघतो.

व्हॉल्व्ह बसवला, सुरू झाला, डबा धंतोलीला पोचवला. बाईंनी एक रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळाने नुसतं "आला" म्हणाल्या. मला, खरं सांगतो, काहीही फरक कळला नाही. आजही कळेल असं वाटत नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो, की या खरंच ऐकतायत की आपलं म्हणणं खरं करायला माना डोलावतायत.

आठ-दहा दिवसांत बाईंचा निरोप आला, डबा बंद. व्हॉल्व्ह गेला होता. रविवारी मी तो म्हाताऱ्यासमोर धरला. त्याने उजेडाकडे करून बघितला. "आतमदी ठिणगी पडली याच्या. पाहा, काळं पडलं." मग मेलेला मला परत करून त्याने ठिपक्याचा दुसरा काढून दिला. एका शब्दाने कटकट केली नाही. त्यानेच माझा संशय वाढला. खरा माणूस नुकसान सोसताना थोडा तरी कुरकुरतो. हा इतक्या सहज देतो, म्हणजे याला तो फुकटच पडला असणार.

दुसराही गेला. मग मी बाईंवर संशय घेतला. दिवसभर चालू ठेवत असतील, कामवाली फडकं मारताना धक्का देत असेल. काहीतरी निमित्त काढून मी एक दुपार त्यांच्या बैठकीत बसून काढली, चहा घेतला, डब्यावर नजर ठेवली. काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही माझी परीक्षा घेताय का?" मी नाही म्हणालो, पण कान गरम झाले.

बाबाजीकडून बदलून आणलेला तिसरा व्हॉल्व्ह मी दोन दिवस दुकानात सलग चालवून बघितला. सकाळी बटण दाबायचं, संध्याकाळी बंद करायचं. मक्खनसारखा चालला. धंतोलीला गेला आणि चौथ्या दिवशी मेला.

आता माझी खात्रीच पटली. मी भिंग घेऊन तिन्ही मेलेले व्हॉल्व्ह टेबलावर मांडले. काचेवर कंपनीचा नंबर छापलेला असतो. एकावर तो अर्धा होता, दोहोंवर जवळजवळ नव्हताच. नंबर नाही म्हणजे वय लपवलेलं. वय लपवलं म्हणजे वापरून थकलेला माल, ठिपका लावून ताजा म्हणून विकलेला. नंबर कशासाठी घासतात ते मला कोणी सांगायला नको होतं. ते काम मी रोज करत होतो.

काचेवरची ती छपाई साध्या बोटानेही पुसली जाते, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी मला ते आठवायचंच नव्हतं.

रविवारी मी मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो. गोणपाटाभोवती पाच-सहा मेकॅनिक उकिडवे बसले होते, सगळे ओळखीचे. मी ते तीन व्हॉल्व्ह म्हाताऱ्याच्या पुढ्यात टाकले आणि आवाज चढवून म्हणालो, "बाबाजी, हे काय देऊन राहिले तुम्ही लोकांना?"

त्याने एक उचलला, बघितला. "हाही गेला?"

"जाणारच ना! नंबर घासून मेलेला माल विकता, मग जगेल कसा?"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "घासत नाई भाऊ मी. काच हाय, बोट लागलं का जाते ते. तुमाले मालूम हाय."

"मला सगळं मालूम आहे. आणि हा ठिपका! बायकांच्या नेलपॉलिशचा ठिपका, तो कोणीही लावेल. त्याला काय अर्थ?"

एक जण फिस्सकन हसला. मग आणखी दोघे. आणि माझ्या शेजारी बसलेल्या एका लाऊडस्पीकरवाल्याने हातात निवडून घेतलेले चार व्हॉल्व्ह हळूच गोणपाटावर परत ठेवले. मला तेव्हा, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. इतकी वर्षं सगळे डोळे मिटून बसले होते, मी एकट्याने ते उघडले, असं वाटलं.

म्हाताऱ्याने ते चार व्हॉल्व्ह पुन्हा ओळीत लावले. मग सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "तुमी आज पुन्हा येसान असं वाटलंच होतं. हा माह्या घरच्या रेडिओतला हाय. मी सोता लावला, सोता रोज आयकलं. आज सकाळीच काढून आणला तुमच्यासाठी. हाही गेला तर सांगा साऱ्याईले का म्हातारा चोर हाय."

हे त्याने मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी व्हॉल्व्ह घेतला. मनात आलं, काय नाटक करतो.

सोमवारी दुपारी मी तो व्हॉल्व्ह डब्यात बसवला आणि झाकण उघडंच ठेवून टेबलावर चालू केला. व्हॉल्व्ह तापून लालसर झाला, आवाज स्वच्छ येत होता. तेवढ्यात गल्लीतली लाइट गेली. त्या दिवसांत हे नेहमीचंच. पंखा थांबला, रेडिओ थांबले, शेजारच्या शिंप्याने शिवी हासडली. अर्ध्या मिनिटात लाइट परत आली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या व्हॉल्व्हच्या पोटात निळी-पांढरी ठिणगी लखकन उडाली. फट्ट असा बारीक आवाज झाला. मग आत काळा डाग, आणि डबा मुका.

मी स्विच बंद केला आणि विचार करायला लागलो. थंड व्हॉल्व्हला बटण दाबलं तर तो सावकाश तापतो, टाकी सावकाश भरतो, काही होत नाही. मी दुकानात तेच करत होतो, सकाळी चालू आणि संध्याकाळी बंद, आणि त्या दोन दिवसांत नेमकी लाइट गेली नव्हती; धंतोलीत मात्र ती जात-येत असणार. पण तापलेला असताना वीज जाऊन लगेच आली, तर तोवर टाकी रिकामी झालेली असते आणि ती एका झटक्यात सगळी वीज ओढून घेते. टाकी लहान असेल तर व्हॉल्व्ह तेवढं सोसतो. मोठी असेल तर मरतो. म्हणजे पहिला कंडेन्सर मोठा होता.

पण तो तर बत्तीसचा होता. मी डबा उलटा केला. कंडेन्सरवर काळी टेप होती, माझ्याच हाताची. ब्लेडने फाडली. खाली आकडा नव्हता. पत्र्यावर पॉलिश पेपरचे ओरखडे होते, आडवे, एका दिशेने, जसे मी काढतो तसेच. मीटर लावून मोजला. दोनशेच्या आसपास भरला.

आणि मग सगळं आठवलं. चार-पाच वर्षांपूर्वी दाणा बसवल्यावर त्या डब्यातून बारीक गुणगुण यायला लागली होती. मी कंपनीचा कंडेन्सर काढून सहापट मोठा बसवला, गुणगुण बंद झाली, मी स्वतःवर खूश झालो. दाण्याला मोठा कंडेन्सर चालतो. मग ही युक्ती दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून आकडा घासला, टेप गुंडाळली. दुसऱ्या कोणाला ती कळली नाहीच. मीही विसरून गेलो. म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा मी झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही, बत्तीस म्हणून मोकळा झालो. त्याने एका प्रश्नात नेमका रोग ओळखला होता आणि मला वाटलं, तो माझी चोरी करायला बघतोय.

चार चांगले व्हॉल्व्ह मी माझ्या हाताने मारले होते. चौथा त्याच्या घरच्या रेडिओतला. त्याच्या घरी आता रेडिओ बंद असणार, आणि त्याने चारचौघांत म्हटलं होतं, हाही गेला तर म्हातारा चोर.

मी कंडेन्सर बदलून बत्तीसचा लावला. व्हॉल्व्ह मात्र नव्हता, तो मी माझ्या घरच्या रेडिओतून काढला. बायकोने कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. ती मुक्या झालेल्या रेडिओवर कापड घालून स्वयंपाकाला लागली. तिचं न चिडवणं मला जास्त लागलं. दुकानात मी मुद्दाम दहा वेळा बटण बंद-चालू, बंद-चालू केलं. व्हॉल्व्हला काही झालं नाही. डबा धंतोलीला पोचवताना बाईंनाही खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? ज्यांच्यासमोर त्याला बोललात, त्यांच्यासमोर सांगा."

रविवारी मी तो मोठा कंडेन्सर खिशात घालून बाजारात गेलो. गोणपाटासमोर कोणी नव्हतं. मी खाली बसलो आणि कंडेन्सर म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्याने ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"हा होता त्याच्यात?"

"हो."

"मी इचारलं होतं तुमाले."

"हो."

"तुमी बत्तीस म्हणलं."

"हो, बाबाजी. चूक माझी आहे. चारही व्हॉल्व्ह माझ्यामुळे गेले."

त्याने कंडेन्सर परत दिला. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "मंग हे त्याईले सांगा. मले त मालूमच होतं."

मी सांगितलं. त्याच दिवशी. पलीकडे चहाच्या टपरीवर तेच मेकॅनिक उभे होते. मी कंडेन्सर दाखवला, ओरखडे दाखवले, वीज गेल्यावर काय होतं ते समजावलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तो लाऊडस्पीकरवाला डोळा बारीक करून म्हणाला, "काय ठरलं गा तुमचं दोघाचं?"

"कशाचं ठरलं?"

"मागच्या रविवारी त चोर म्हणत होते त्याले. आठ दिवसात साधू झाला?"

दुसरा म्हणाला, "भागीदारी केली असन. याचं दुकान, त्याचा माल."

मी चिडलो, आवाज चढवला. "अरे, हा माझा कंडेन्सर आहे! मी स्वतःच्या हाताने घासलाय!"

"घासलेल्या मालाचं काय गा," तिसरा शांतपणे म्हणाला, "तो कोणाचाही दाखवता येते."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, बहुतेक याच शब्दांत.

तरी मी सोडलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. एकेकाला बाजूला घेऊन सांगायचो, दुकानात या, तुमच्यासमोर व्हॉल्व्ह मारून दाखवतो. एक जण आलासुद्धा. सगळं बघून म्हणाला, "हे त बरोबर हाय. पण तुमी एवढा आटापिटा काहून करून राहिले, ते समजलं नाई." मग म्हाताऱ्याचं स्वतःचं वाक्य बाजारात फिरू लागलं. घरचा व्हॉल्व्हही गेला म्हणे, आणि तो गेला तर मी चोर, असं त्याच्याच तोंडचं. मी नाही म्हणेपर्यंत ते वाक्य माझ्या पुढे जाऊन बसलेलं असायचं.

चौथ्या रविवारी मी पोचलो तेव्हा गोणपाटासमोर एक अनोळखी माणूस बसला होता, बाहेरगावचा वाटला. दोन व्हॉल्व्ह त्याने निवडून मांडीवर घेतले होते. मला वाटलं, बरं झालं, नवा माणूस आहे, याला सुरुवातीपासून नीट सांगता येईल. मी म्हणालो, "घ्या, बिनधास्त घ्या. यांचा माल एकदम खरा आहे. मी मेकॅनिक आहे, मी सांगतो."

त्या माणसाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे. मांडीवरचे व्हॉल्व्ह खाली ठेवले आणि उठून शेजारच्या मोटारींच्या ढिगापाशी जाऊन उभा राहिला.

म्हाताऱ्याने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी हळू होता. "भाऊ, तुमी माणूस बरे हा. पण मेहरबानी करा, आता कोणाले काही सांगू नका. तुमी जेवढं सांगून राहिले, तेवढा लोकाईले शक येऊन राहिला."

"मग मी काय करू, बाबाजी?"

"काही नका करू. माह्या समोर उभे नका राहू, बस."

मी उठलो. बाजाराच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथून एकदा मागे बघितलं. तो बाहेरगावचा माणूस मोटारींच्या ढिगापासून परत आला होता आणि गोणपाटासमोर बसून व्हॉल्व्ह निवडत होता.